मदत हवी आहे: रिअल-टाइम लॅबसाठी बोर्ड आणि आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) कोणते?

३० विद्यार्थी, दोघांत एक संच, म्हणजे १५ संच आणि बिघाडासाठी २ जादा. सध्या न्यूक्लिओ-एफ४४६आरई हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (१८० मेगाहर्ट्झ, १२८ केबी रॅम) पक्का वाटतो, कारण डीबगर (प्रोग्रॅम टाकायचं आणि तपासायचं साधन) बोर्डावरच आहे. सोबत ८ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा लॉजिक अ‍ॅनालायझर (पिन कधी हाय-लो झाली ते दाखवणारं यंत्र). तो हवाच. त्याऐवजी सिरियल पोर्टवर मजकूर छापून वेळ मोजायची म्हटलं, तर ११५२०० बॉडवर एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ४० अक्षरांचा प्रिंटएफ साडेतीन मिलिसेकंद खातो आणि मोजायचं टायमिंगच बिघडवतो. टास्क सुरू होताना पिन हाय, संपताना लो, आणि ते अ‍ॅनालायझरवर पाहायचं, हे बरं.

अडलंय ते सॉफ्टवेअरवर. फ्रीआरटीओएस शिकवायला सोपं. प्रायॉरिटी इन्व्हर्जनचा (कमी प्रायॉरिटीच्या टास्कमुळे जास्त प्रायॉरिटीचा टास्क अडकण्याचा) प्रयोगही छान जमतो: आधी लॉक म्हणून बायनरी सेमाफोर, मग म्यूटेक्स, कारण प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (लॉक धरलेल्या टास्कला तात्पुरती वरची प्रायॉरिटी देणं) फक्त म्यूटेक्समध्ये आहे. पण ईडीएफ शेड्युलिंग (ज्याची डेडलाइन आधी, तो टास्क आधी) त्यात तयार मिळत नाही. झेफिर या दुसऱ्या आरटीओएसमध्ये डेडलाइन शेड्युलिंग आहे, मात्र डिव्हाइसट्री (हार्डवेअरचं वर्णन) आणि केकॉन्फिग (बिल्डच्या सेटिंग्ज) समजावण्यातच पहिले काही तास जातील (आणि एररचे मेसेज वाचणं ही वेगळीच शिक्षा).

तिसरा मार्ग म्हणजे ईडीएफपुरतं रास्पबेरी पाय ४ वर लिनक्स, प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्स कर्नलला रिअल-टाइम बनवणारी सोय) आणि एससीएचईडी_डेडलाइन (लिनक्समधलं ईडीएफ शेड्युलिंग). लिनक्स ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्येच आहे.

ज्यांनी अशी लॅब चालवली आहे त्यांनी सांगावं: दोन प्लॅटफॉर्म एका सत्रात झेपतात का, की सुरुवातीपासून झेफिरच धरावं? आणि पाय ४ वर स्ट्रेस-एनजीचा (मुद्दाम ताण देणारा प्रोग्रॅम) भार ठेवून सायक्लिकटेस्टमध्ये (लेटन्सी मोजणारा प्रोग्रॅम) कमाल लेटन्सी, म्हणजे टास्क जागा व्हायला होणारा उशीर, किती मिळाली? सरासरी नको, कमालच सांगा.