वेल्डिंगवर पीएचडी: करंट-व्होल्टेज बदलून ताणचाचणी, एवढ्यावर संशोधन उभं राहील का?

वितळरेषा:
मेटलर्जीत एमटेक झालंय. पुढे शिकवायचं आणि जोडणीवर संशोधन करायचं आहे. प्रस्ताव असा: १० मिमी क्वेंच-टेम्पर्ड (झटकन थंड करून पुन्हा तापवून कडक-चिवट केलेलं) पोलाद, मॅग (सक्रिय वायूच्या आवरणात वायर वितळवणारं आर्क) वेल्डिंग, करंट, व्होल्टेज, वेग यांच्या तीन-तीन पातळ्या, टागुची मांडणी (कमी प्रयोगांत अनेक घटक तपासण्याची पद्धत), शेवटी ताणचाचणी. चांगल्या नियतकालिकात हे टिकेल का?

थर्मोकपल:
एवढ्यावर नाही. सेटिंग आणि ताकद यांच्यामधला दुवाच तुम्ही मोजत नाही. २०० अँपियर, २५ व्होल्ट, मिनिटाला ३०० मिमी वेग म्हणजे मिमीमागे १ किलोजूल, मॅगची ०.८ कार्यक्षमता धरून ०.८. पण तीच ऊर्जा ६ मिमी प्लेटमध्ये हळू निवते, २० मिमीत झपाट्याने. म्हणून धातू ८०० वरून ५०० अंशांवर यायला लागणारा वेळ, टी ८/५, मोजा. तो दिलात तर दुसऱ्या प्रयोगशाळेला वेगळ्या मशीनवरही तुमचा निष्कर्ष पडताळता येईल.

प्लेटच्या मागून २ मिमी व्यासाची, सपाट तळाची, वेगवेगळ्या खोलीची छिद्रं पाडा. तळाला के-टाइप थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी) ०.२५ मिमी तारा कपॅसिटर डिस्चार्जने (साठवलेल्या विजेच्या एका झटक्याने) वेल्ड करा. तारा एकमेकींना पिळू नका, कारण त्या जिथे पहिल्यांदा टेकतात तिथलंच तापमान नोंदलं जातं. सेकंदाला किमान १०० नोंदी हव्यात. आर्कचा नॉइज येतोच, त्यामुळे लॉगरचे (नोंदी घेणाऱ्या यंत्राचे) इनपुट आयसोलेटेड, म्हणजे विद्युतदृष्ट्या वेगळे, असू द्या. शेवटी छेद घेऊन छिद्राच्या तळापासून वितळरेषेपर्यंतचं (वितळलेल्या आणि न वितळलेल्या धातूच्या सीमेपर्यंतचं) खरं अंतर मोजा. ड्रिल भरकटतं, आणि वितळरेषेलगतच्या, न वितळता तापलेल्या या पट्ट्यात अर्ध्या मिमीनेही कमाल तापमान खूप बदलतं.

नायटल२:
ताणचाचणीबद्दल. वेल्डला आडवा कापलेला नमुना सर्वांत मऊ जागी तुटतो आणि एकच आकडा देतो. वेल्डच्या उष्णतेने मऊ पडलेला पट्टा अरुंद असेल तर शेजारचा कडक धातू त्याला आकसू देत नाही, मग ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. त्यापेक्षा विकर्स कडकपणाचा (हिऱ्याच्या टोकाने उमटवलेल्या ठशाच्या कर्णावरून मोजलेल्या) नकाशा काढा. २५० कडकपणाला एचव्ही१ चा (१ किलो भाराच्या ठशाचा) कर्ण सुमारे ०.०८६ मिमी येतो, आणि दोन ठशांत किमान तीन कर्णांचं अंतर लागतं, म्हणून ०.३ मिमी ठेवा. जवळ घेतलेत तर आधीच्या ठशाभोवती कडक झालेलाच धातू मोजाल. मग २ टक्के नायटलने (अल्कोहोलातल्या नायट्रिक आम्लाने) पृष्ठभाग एच करून, म्हणजे हलकेच कोरून, नकाशा सूक्ष्मरचनेशी जुळवा.

वितळरेषा:
आभार. सुरुवात मल्टिपासने (एकावर एक अनेक थर टाकून) करू का?

थर्मोकपल:
नको. दुसरा पास पहिल्याचा पट्टा पुन्हा तापवतो, कारणं एकमेकांत मिसळतात. आधी सपाट प्लेटवर एकच बीड (वेल्डची रेघ) टाका. वेल्डिंग टॉर्चची टिप ते प्लेट अंतर १५ मिमीवर पक्कं करा, ते वाढलं की त्याच वायर फीडला करंट घसरतो.

आणि विषय प्लेटभोवती नाही, कारणाभोवती बांधा. 'या प्लेटला सर्वोत्तम करंट' हे उत्तर प्लेट बदलली की निरुपयोगी. 'हा पट्टा का मऊ पडतो आणि किती रुंदीपर्यंत चालतो' हा प्रश्न लेसर, सबमर्ज्ड आर्क अशा इतर वेल्डिंग पद्धतींत, कुठेही नेता येतो, आणि त्यावर पुढची अनेक वर्षं विद्यार्थी काम करू शकतात.