मदत हवी आहे: लग्न ठरलंय अन् 'तिथं' बारीक दाण्यांची रांग हाय, गरमी तर नसंल ना?

धागाकर्ता: बालाघाटी_पोरगा

आयडी नवीन काढलाय, नाव विचारू नका. वय २६, गाव बीड जिल्ह्यात, कामाला लातूरला असतो. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलीय अन् इकडं माझी झोप उडालीय.

तर विषय असा हाय की कातडी मागं सारली की लिंगाच्या टोकाची जी गोल कड असती ना, तिच्यावर खसखशीएवढे पांढरट गुलाबी दाणे हायेत, एकाला एक खेटून, दोन रांगा, पार गोल फिरून. दुखत नाही, खाजत नाही, पू-पाणी काही नाही. कवापासून म्हणाल तर बारावीला असतानापासून असतील पण तवा कोण बघतंय. आता लग्न ठरल्यावर रोज टॉर्च लावून बघायलोय. बाहेर कुठं गेलेलो नाही, कुणाशीच संबंध आलेला नाही, आईची आण.

रूमवरच्या दोस्ताला आडून आडून विचारलं तर म्हणला गरमी असंल लेका, म्हणजे संबंधातून लागणारा गुप्तरोग. मेडिकलवर गेलो तर मागं एक मावशी उभी, मग काय सांगता, जांघेत खाज हाय म्हणलो अन् त्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवस लावली. दाणे हायेत तसेच, वरून सगळं लाल होऊन आग व्हायलीय. बसस्टँडच्या भिंतीवर नंबर असतेत ना, त्यातल्या एकाला फोन केला, त्यानं न बघताच सांगितलं आजार जुना हाय, कोर्स पंधरा हजाराचा. तेवढ्यात माझा शेरवानी अन् बूट दोन्ही येतेत.

सांगा, हे काय असतंय? अन् हुणाऱ्या बायकोला लागंल का?

गोदाकाठ:
पयले ती ट्यूब बंद कर. पंधरा हजार कुणाला देऊ नको. दाणे एकसारखे अन् रांगेत असले तर भ्यायचं कारण दिसत नाही, मला पण हायेत, दोन लेकरांचा बाप हाय मी.

त्वचा_ओपीडी:
मी परभणीकडचा, स्किनचा डॉक्टर आहे. न बघता निदान सांगत नाही, अन् कृपा करून इथं फोटो टाकू नका (मागं एका धाग्यात एकानं टाकला होता, सकाळी चहा घेताना बघितला). पण वर्णन ज्याचं वाटतंय त्याला पर्ली पेनाइल पॅप्यूल्स म्हणतात, म्हणजे मोत्यासारखे दाणे. १ ते २ मिलिमीटरचे, टोकाच्या कडेला एक किंवा जास्त ओळीत, मक्याच्या कणसावर दाणे बसतात तसे. वयात आल्यावर दिसायला लागतात, वय वाढलं की बऱ्याच जणांचे फिके होतात. ती कातडीचीच ठेवण आहे, आत पू नाही की किडा नाही, त्यामुळं पिळून काही निघत नाही, रक्त मात्र निघेल. अस्वच्छतेनं होत नाहीत, हस्तमैथुनानं होत नाहीत, संबंधातून येत नाहीत अन् कुणाला लागत पण नाहीत. लेझरनं काढता येतात, पण गरज नसते.

चामखीळ वेगळी. ती एचपीव्ही विषाणूनं होते, बहुतेक वेळा त्याचे ६ आणि ११ नंबरचे प्रकार, अन् ती अशी शिस्तीत बसत नाही. लहान मोठी, खरबरीत, कधी फुलकोबीसारखी, कुठंही उगवते अन् पसरते. आणि ज्याला लोक गरमी म्हणतात त्या सिफिलिसमध्ये सुरुवातीला दाण्यांची रांग नाही, बहुतेकदा न दुखणारी जखम असते. दुखरे पाण्याचे फोड आले, मधे खळगी असलेला दाणा दिसला, किंवा रात्री खाज सुटते अन् घरात बाकीच्यांना पण सुटली, तर ते सगळे वेगळे विषय, तेव्हा थांबायचं नाही.

तुमची आग ट्यूबची असावी. अशा मिक्स, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते, अन् तिथली कातडी मुळातच पातळ. एकदा दाखवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

मांजराकाठी:
डॉक्टर साहेब लगे हात माझं पण सांगा, मला टोकाला नाही पण दांड्यावर अन् खालच्या पिशवीवर पिवळसर बारीक ठिपके हायेत, कातडी ताणली की जास्त दिसतेत.

त्वचा_ओपीडी:
बहुतेक फोर्डाइस स्पॉट्स. १८९६ मध्ये फोर्डाइस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ओठांवरचे असेच ठिपके लिहून ठेवले म्हणून त्याचं नाव. तेलाच्या ग्रंथी आहेत, फक्त त्यांच्याबरोबर केस नाही. आरशात वरच्या ओठाची कड बघा, तिथं पण सापडतील कदाचित. तुम्हाला पण तेच सांगतो, पिळू नका अन् एकदा दाखवा.

बालाघाटी_पोरगा:
अपडेट देतो. लातूरला सगळे ओळखीचे म्हणून मुद्दाम नांदेडला विष्णुपुरीला गेलो, सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीला. केसपेपर काढताना लाजून मेलो, पण आत डॉक्टर अन् एक शिकाऊ पोरगा, पडदा ओढला, भिंगानं बघितलं अन् दोन मिनिटात म्हणले पर्ली पॅप्यूल्स, काही करायचं नाही. ट्यूबचं खोकं दाखवलं तर तोंड वाकडं केलं, स्टेरॉइडच निघालं. बंद करा, साध्या पाण्यानं धुवा म्हणले. आता चार दिवसात आग कमी झालीय. बायकोला लागंल का विचारलं तर हसले, म्हणले लागायला तो आजारच नाही.

पण एक घोळ झाला. लाइनीत मागं वळून बघतो तर आमच्याच गल्लीतला काका! त्याचं गजकर्ण असल्याच ट्यूबनं मांडीभर पसरलेलं, तो बिचारा पण लपूनच आलेला. तू कामून इथं म्हणला. मी म्हणलो डोक्यात कोंडा झालाय. त्याचं कुणाला कळलं नाही, माझं मात्र गावभर झालं, अन् आता सासूरवाडीहून पण फोन यायलेत, लिंबू लावा म्हणून.