मशीनवरून उठताना कंबर सरळ होत नाही

सुईदोरा:
नमस्कार. मी सोलापूरची, शाळेचे युनिफॉर्म पीसवर शिवते. जूनला शाळा उघडतात, म्हणून फेब्रुवारीपासूनच मान वर करायला फुरसत नसते. सकाळी ९ला मशीनवर बसले की जेवायला दीडला उठायचं, मग रात्री ८पर्यंत परत तेच. मे महिन्यात एकदा खाली पडलेली कात्री उचलायला वाकले आणि तशीच अडकले. सासूबाईंनी धरून कॉटवर नेलं. चार दिवस उसण भरल्यासारखं होतं. आता ती कळ गेली, पण उठल्यावर दोन मिनिटं सरळ उभं राहता येत नाही आणि डाव्या मांडीमागून पोटरीपर्यंत शीर ओढल्यासारखी वाटते. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलीय. डॉक्टर म्हणाले, बसायचं काम बंद करा. मुलीची फी या शिलाईवरच भरते हो. पट्टा लावून बसले तर चालेल का?

फिजिओ_मिरज:
ताई, आधी महत्त्वाचं. पायाचा पंजा उचलता येईना, शी-शूच्या जागी बधिर वाटलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. यात चालढकल नको.

यातलं काही नसेल तर रिपोर्ट वाचून हातपाय गाळू नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली आढावा घेतला होता. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली. तुमच्या पायात ओढ आहे, म्हणून तपासणी सोडू नका, एवढंच.

गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या मणक्यांतून जे झिरपेल त्यावर ती जगते, आणि हालचालीने दाब कमी-जास्त झाला की हे झिरपणं नीट चालतं. १९९९ साली जर्मनीत एका माणसाच्या याच एल-४ एल-५ गादीतला दाब मोजला होता. उभं असताना ०.५ मेगापास्कल, बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. म्हणजे नुसतं बसणं वाईट नाही, सुईवर झुकून तासन्‌तास तसंच राहणं वाईट. डॉक्टरांना पुन्हा विचारा, काम पूर्ण बंद की सलग बसणं बंद? पट्टा दुखणं वाढलं तेव्हा थोडे दिवस ठीक, त्याच्या भरवशावर जास्त बसू नका.

निवृत्त_मास्तर:
पोरी, ३८ वर्षं मशीन चालवली, म्हणून सांगतो. टेबलाच्या मागच्या दोन पायांखाली लाकडाचे तुकडे घाल, म्हणजे फळी तुझ्याकडे कलेल आणि सुई वाकल्याशिवाय दिसेल. तुकडे पक्के बसव, मशीन हलता कामा नये. मोटरचं पॅडल सुईच्या समोर ओढून घे. ते बाजूला असलं की कंबर तिरकी राहते, तुझा डावा पाय त्यामुळेही ओढत असेल. स्टूल इतकं उंच हवं की मांड्या खाली उतरत्या राहतील.

आणि घड्याळ बघून उठायचं म्हटलं तर कामाच्या नादात उठणं होत नाही. बॉबिन संपली की उठायचं. भरलेल्या बॉबिनी मशीनच्या खणात ठेवू नकोस, खोलीच्या पलीकडे ठेव.

सुईदोरा:
मास्तर, तीन आठवडे झाले. बॉबिनचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलाय, खांद्याच्या वर. अर्ध्या-पाऊण तासाने जाऊन हात उंच करून काढावी लागते. उठताना अजून धरते, पण पाच-सहा पावलांत सुटते. पोटरीपर्यंतची ओढ आता मांडीतच थांबते. दिवसाला दोन शर्ट कमी होतात, ते सोसतेय. डॉक्टरांनाही विचारलं, मधूनमधून उठत असाल तर काम चालू ठेवा म्हणाले.

मॅडम, ओढ वर सरकणं चांगलं ना?

फिजिओ_मिरज:
हो ताई, बहुतेक वेळा चांगलं लक्षण. पाय बधिर किंवा लुळा वाटत नाहीये ना, तेवढं मात्र रोज टाचांवर चार पावलं चालून बघा.