रात्रपाळीला किती माणसं?

खोल्या, बाग आणि देवघर पाहून वृद्धाश्रम ठरवावा, असं म्हणतात. त्यात मी एक भर घालते: रात्रपाळीला किती माणसं असतात, तेही विचारा. माझी आत्या अंथरुणाला खिळली होती. तिच्या संस्थेत दिवसा सगळं चोख, रात्री मात्र अख्ख्या मजल्यावर एकच मावशी. तिने तरी कुणाकुणाची कूस बदलायची? अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर आधी लाली येते आणि मग जखम. आत्याची जखम आम्हाला कळली ती चादरीवरच्या डागावरून. कुणी सांगितलं नाही, याचा राग जास्त आला.

भेटायला गेलात की पांघरूण बाजूला करून टाचा आणि पाठ स्वतः बघा. कूस बदलल्याच्या वेळांचा तक्ता मागा. कधीतरी रात्रीच्या जेवणाच्या वेळी न कळवता जा, पाण्याचा तांब्या हाताशी आहे का पाहा. रात्री सारखं उठवायला लागू नये म्हणून पाणीच कमी देतात, हे मी पाहिलंय.

दाद लागली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहाबद्दल बोलतो. रात्री मजल्यावर किती माणसं हवीत, हे त्यात नाही. ते प्रवेशाआधी संस्थेकडून लेखी घ्या.