सार्वकालिक श्रेष्ठ बुद्धिबळपटू: मोजपट्टी कोणती?

अडीचघर
कास्पारोव्ह, फिशर की कार्लसन, हे भांडण जुनंच. मला मोजायचं कसं ते हवंय. सर्वोच्च रेटिंग (निकालांवरून काढलेले ताकदीचे गुण) धरलं तर कार्लसन (२८८२, मे २०१४) आणि विषय संपला. मग फिशरचं २७८५ कुठे बसवायचं? की सगळ्यांचे डाव इंजिनाला (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामला) घालावेत आणि ज्याच्या चुका कमी तो थोर?

तिरका उंट
दोन काळांतली रेटिंगं शेजारी ठेवूच नका. इलो, म्हणजे रेटिंग काढायची पद्धत, फक्त त्या वेळच्या खेळाडूंमधला फरक सांगतं. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर बघा. १९७२ मध्ये फिशर २७८५, दुसरा स्पास्की २६६०. १२५चा फरक म्हणजे १०० डावांत साधारण ६७ गुण अपेक्षित, तेही खुद्द जगज्जेत्याविरुद्ध! आदल्या वर्षी तैमानोव्ह आणि लार्सन दोघांनाही ६-० धुतलं होतं.

सातव्या पट्टीतला हत्ती
अंतर मान्य, पण टिकलं किती? १९७५ मध्ये फिशर किताब राखायला उतरलाच नाही. कास्पारोव्ह एकूण २५५ महिने अव्वल होता, माझं मत त्यालाच. नुसती वर्षं मोजाल तर मात्र फसाल. लास्कर २७ वर्षं जगज्जेता, पण १८९७ ते १९०७ किताबासाठी एकही सामना नाही.

अडीचघर
आणि इंजिन?

तिरका उंट
सरासरी चूक हा आकडा फसवा. वजीर-वजीर मारून साध्या शेवटाला आलात की चुका आपोआप घटतात. माजी जगज्जेता मिखाईल ताल मुद्दाम गुंता करायचा. तिथे तोही चुकायचा, समोरचा जास्त.

दुबई २०२१, जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव बघा. कार्लसनकडे हत्ती, घोडा, दोन प्यादी. नेपोम्नियाश्चीकडे नुसता वजीर. टेबलबेस (मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेला संगणकी संच) म्हणतो बरोबरी. कार्लसन मात्र प्यादी सांभाळत, राजा झाकत रेटत राहिला. १३०व्या चालीला नेपोनं वजीर ई६ वर नेला, तिथे डाव हातचा गेला. १३६व्या चालीला सोडला. समोरच्याला सात तास बसवून चुकायला लावणं इंजिनाच्या आकड्यात कुठे दिसणार?

सातव्या पट्टीतला हत्ती
+१. अपराजित मालिकांचंही तसंच. कापाब्लांका १९१६ ते १९२४ हरला नाही, पण डाव ६३च. कार्लसनचे सलग १२५, तेही दोन-सव्वादोन वर्षांत. आणि फिडेनं (जागतिक बुद्धिबळ महासंघानं) इलो स्वीकारलं १९७० मध्ये, त्यामुळे कापाब्लांकाच्या नावापुढे रेटिंग दिसलं तर ते मागाहून काढलेलं समजा.