मदत हवी आहे: जीआयपी रेल्वेच्या मेन्यूकार्डावरची चिकटपट्टी

आजोबांच्या ट्रंकेत जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं मेन्यूकार्ड, दोन माहितीपत्रकं आणि पुठ्ठ्याची मूठभर तिकिटं सापडली. कार्डावर तारीख नाही, पण जीआयपीची मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला, म्हणजे छपाई त्याआधीची असणार. दर आण्यांत आहेत, पण आणे १९५७ पर्यंत चाललेच, त्यामुळे त्यांचा उपयोग नाही.

खरी पंचाईत घडीवरच्या चिकटपट्टीची. पिवळी पडून ती नेमकी कटलेटच्या ओळीवर बसलीय. ओढली तर अक्षरंही निघतील. भाऊ म्हणतो, सरळ लॅमिनेशन कर. ते मी मुळीच करणार नाही, एकदा केलं की कागद सुटत नाही!

ही पट्टी कुणी सुखरूप काढलीय का? आणि पुण्यात आम्लविरहित कागदाची पाकिटं कुठे मिळतील?