भाचीला इंग्रजी शिकायला कुठे पाठवू: ऑक्सफर्ड की केंब्रिज?

रेडिंगहून

नमस्कार मंडळी,

माझी भाची जयसिंगपूरला मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे. पाचवी ते सातवीचं इंग्रजी तिच्याकडे असतं. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतर लगेचच ती पहिलीत गेली. वाचन चांगलं आहे, व्याकरण तर माझ्यापेक्षा पक्कं. पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. इंग्रजीचा धडा मराठीतून समजावते आणि घरी येऊन त्याचीच खंत करत बसते.

पाच वर्षं पैसे साठवलेत. शाळेनं तीन महिन्यांची विनावेतन रजा कबूल केली आहे. तिला बारा आठवड्यांचा कोर्स करायचाय आणि लहानपणापासून मनात दोनच गावं आहेत, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. अक्का म्हणते, तुझ्याकडेच ठेव, रोज ट्रेननं ऑक्सफर्डला जाऊन-येऊन करेल. गाडीनं अर्धा तास लागतो, राहण्याचा खर्चही वाचेल. तुम्हाला काय वाटतं?

केंब्रिजहून

सप्रेम नमस्कार,

तुमच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. तिला तुमच्या घरी ठेवू नका. मामाच्या घरी भाचीला ठेवू नका म्हणणं बरं दिसत नाही, कळतंय मला. पण तुमच्याकडे संध्याकाळी वरणभाताबरोबर मराठीच वाढली जाणार. वर्गात तीन तास इंग्रजी आणि उरलेला दिवस जयसिंगपूर, असं होईल.

हे मी स्वतःवरून सांगते. १९९४ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा मी एम.ए. होते. पहिलं दीड वर्ष आम्ही दुसऱ्या मराठी कुटुंबाबरोबर घर वाटून राहिलो. फार प्रेमाची माणसं होती, पण त्या दीड वर्षात माझं इंग्रजी दुकानातल्या ‘थँक यू’च्या पुढे सरकलं नाही. मग मिल रोडच्या मागच्या एका गल्लीत राहायला गेलो. शेजारच्या आजी रोज सकाळी कुंपणापाशी उभ्या राहून बोलायच्या: गुलाबावरची कीड, पाऊस, नातवाचा दात. मी चुकले की हसायच्या नाहीत, तेच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणायच्या. सहा महिन्यांनी मी दवाखान्यात फोन करून स्वतःची वेळ स्वतः घेतली. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी रडले होते. तुमच्या भाचीला नेमकं हेच हवंय. ते घरातून मिळतं, गावाच्या नावातून नाही.

म्हणून शाळेला आधी विचारा, ‘होमस्टे’ देता का? म्हणजे एखाद्या इंग्रज कुटुंबाच्या घरी खोली, सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण. त्याच घरात तिच्या भाषेचा दुसरा विद्यार्थी नको, असं लेखी मागा. शाकाहारी असेल तर तेही लिहून कळवा. इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडं चालतं असं धरतात.

दुसरी गोष्ट तिला नीट समजावून सांगा. केंब्रिजमधली भाषाशाळा म्हणजे केंब्रिज विद्यापीठ नव्हे. पाटीवर ‘केंब्रिज’ किंवा ‘ऑक्सफर्ड’ असलं तरी बहुतेक शाळा खासगी आहेत, विद्यापीठाशी त्यांचा संबंध नसतो. रँग्लर परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीतून निघून १८९९ साली इथे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, पण ते सेंट जॉन्स कॉलेजात. नारळीकर फिट्झविल्यमचे, चिंतामणराव देशमुख जीझसचे. मी त्या दारांवरून जाते तेव्हा अजूनही ऊर भरून येतो आणि तुमच्या भाचीचाही येईल. पण तिच्या प्रमाणपत्रावर त्या कॉलेजांचं नाव नसेल. हे इथे येऊन कळलं तर मन मोडेल, निघण्याआधी कळलं तर काही बिघडत नाही.

शाळा निवडताना ती ब्रिटिश कौन्सिलची मान्यता असलेली हवी. व्हिसासाठीही मान्यताप्राप्त संस्था लागतेच. सहा महिन्यांच्या आतल्या कोर्सला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजीच्या कोर्ससाठी शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा वेगळा आहे. दोन्हींवर नोकरी करता येत नाही, अगदी अर्धवेळसुद्धा नाही. ‘तिकडे गेल्यावर काहीतरी काम मिळेल’ असं कुणी तिला सांगितलं असेल तर ते आत्ताच खोडून काढा.

वर्गात किती जण असतात आणि एकाच देशाचे किती, हेही विचारा. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या वर्गात निम्मे जण एकाच भाषेचे निघाले. मधल्या सुट्टीत ती एकटी पडायची. आणि जुलै-ऑगस्ट टाळा. तेव्हा इटली-स्पेनहून शाळकरी मुलांचे जथेच्या जथे येतात, किंग्ज परेड या रस्त्यावर चालायला जागा नसते. सप्टेंबरनंतर वर्गात मोठी माणसं असतात.

एक गंमतही तिला सांगा. जगभर लोक देतात ती केंब्रिजची इंग्रजीची परीक्षा १९१३ साली पहिल्यांदा झाली. बारा तासांची होती, तीन जण बसले आणि तिघंही नापास झाले.

ऑक्सफर्डहून

काकूंचं बहुतेक सगळं पटलं, घरी न ठेवण्याचं तर शंभर टक्के. पण आमच्या गावाची बाजू मांडायलाच हवी.

इंग्रजीसाठी या भागात आलेली मराठी बाई म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली त्या वाँटेजला आल्या, ऑक्सफर्डपासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिथल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींकडून इंग्रजी शिकल्या आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवली. डॉक्टर व्हायचं होतं, ऐकू कमी येत असल्यानं ते राहून गेलं. कमी ऐकू येत असताना परकी भाषा शिकणं म्हणजे काय असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. सहा वर्षांनी, १८८९ साली, नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी इथे सॉमरव्हिल कॉलेजात आल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण बायकांना पदवी द्यायला या विद्यापीठाला १९२० उजाडावं लागलं.

बाकी रोजच्या व्यवहाराचं बोलायचं तर ऑक्सफर्ड नुसतं कॉलेजांचं गाव नाही. इथल्या काउली भागात १९१३ पासून मोटारी बनतात, त्यामुळे कामगारवस्ती आहे, काउली रोडवर दहा देशांची दुकानं आहेत. बसमध्ये, बाजारात सगळ्या थरांतलं इंग्रजी कानावर पडतं. पाठ्यपुस्तकातले उच्चार घेऊन आलेल्या शिक्षिकेला ते ऐकणं फार गरजेचं आहे. ॲशमोलियन संग्रहालयाला तिकीट नाही. तिथे फुकटात मार्गदर्शकाबरोबर फिरायला मिळत असेल तेव्हा तिनं फिरावं आणि रोज एक तरी प्रश्न विचारावा.

राहणं मात्र दोन्हीकडे महाग आहे. पैसे शिक्षिकेच्या पगारातून साठवलेत, म्हणून म्हणतो: बाराऐवजी दहा आठवडे करा, पण खोली स्वस्तातली घेऊन गावाबाहेर राहू नका.

एडिंबराहून

जुनं विद्यापीठ हवं तर आमचं १५८३ सालचं आहे, आणि इथली माणसं बसस्टॉपवर आपण होऊन बोलतात. ऑगस्टमध्ये फेस्टिव्हलमुळे खोली मिळणं मुश्कील, बाकी वर्षभर या. एवढं मात्र आहे की इथलं स्कॉटिश वळणाचं बोलणं कानाला रुळायला पहिले दोन आठवडे जातात.

केंब्रिजहून

ऑक्सफर्डच्या काकांनी रमाबाईंची आठवण काढली, फार बरं वाटलं. त्या घेता घेता देतही होत्या. भाचीनंही तसंच करावं. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. आमच्या बर्ली स्ट्रीटवर अशा संस्थांची जुन्या कपड्यांची, पुस्तकांची दुकानं आहेत. आठवड्यातून एक दुपार पुस्तकांच्या कपाटापाशी उभी राहिली तर गिऱ्हाईक बोलल्याशिवाय राहणार नाही. तसं करण्याआधी व्हिसाचे नियम मात्र तिनं स्वतः वाचावेत.

आणि किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये संध्याकाळची प्रार्थना सगळ्यांना खुली असते, पैसे पडत नाहीत. तिथलं इंग्रजी जुनं आहे, बोलायला उपयोगी नाही. तरी एकदा तिनं तिथे बसावं. १४४६ साली पाया घातलेली ती वास्तू आहे. सगळंच उपयोगासाठी करायचं नसतं.

रेडिंगहून

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्काला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ‘तुझ्याकडे नको’ हे ऐकून ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, त्या बाई स्वतःच्या अनुभवाचं सांगतायत, ऐक त्यांचं. भाचीनं खाली स्वतः लिहिलंय.

जयसिंगपूरहून (मामांकडून पुढे पाठवलेलं)

सर्वांना नमस्कार. काकू, दवाखान्याच्या फोनचं वाचून मी मुख्याध्यापकांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

केंब्रिज ठरवलंय, दहा आठवडे. गौरी-गणपती झाले की निघेन. तीन शाळांना पत्रं पाठवली, वर्गात किती जण आणि कुठल्या देशांचे ते विचारलं. दोघांनी नीट उत्तर दिलं, त्यांतलीच एक निवडेन. होमस्टेमध्ये दुसरं कुणी भारतीय नको, असं कळवलंय आणि अंड्याचंही लिहिलंय. दिवाळीत मामांकडे एकच दिवस येईन, फराळापुरती.

एक विचारायचं होतं. केंब्रिज सपाट आहे आणि सगळे सायकलनं जातात असं वाचलं. मी शाळेत सायकलनंच जाते. तिथे कुणाकडे बायकांची जुनी सायकल पडून असेल तर दहा आठवड्यांसाठी मिळेल का? माझी उंची पाच फूट एक इंच आहे. ब्रेक ढिले असले तरी चालेल, मी घट्ट करून घेईन.